घरच्या पानाफुलांचा चहा
(शरद ऋतूसाठीं एक धडा)

आश्विन महिना लागला म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत ऋतूचें दुहेरी रूप दिसूं लागतें. दिवसां ऊन असें तापतें कीं सोयाबीनच्या सोंगणीला गेलेल्या माणसाचा घसा कोरडा पडतो. आणि कार्तिकाकडे वळतां वळतां पहाटे घोंगडी अंगावर ओढून घ्यावी लागते. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा ह्या पूर्णेच्या खोऱ्यांतील गांवीं उष्मा अधिक. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर ह्या बाजूस गारवा लवकर येतो. ह्याच दिवसांत घरोघर पडसें व खोकला येतो, आणि घरोघर चुलीवर पातेलें चढतें. त्या पातेल्यांत काय घालावें, तें कसें घालावें, त्यापासून कशाची आशा धरावी आणि कशाची धरूं नये, हा आजच्या धड्याचा विषय आहे. विषय क्षुल्लक दिसतो. परंतु पुढें वाचल्यास तो तसा नाहीं हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

१. चहा कोणता व काढा कोणता

बाजारांत मिळणारा चहा ही एकाच झाडाची पानें होत. तें झाड आसामांत, दार्जिलिंगास व निलगिरीवर होतें. आमच्या काळ्या जमिनींत तें होत नाहीं. आज खेड्यांतला प्रत्येक पाहुणा चहानेंच ओळखला जातो, म्हणून हें पेय फार पुरातन असावें असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. १९०३ सालीं सरकारनें बाहेर जाणाऱ्या चहावर कर बसविला, व त्या पैशांतून चहाच्या प्रसाराचें काम सुरू झालें. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत परदेशांत माल खपेना, तेव्हां ह्याच देशांतील लोकांस चहा प्यावयास शिकविण्याचा उद्योग नेटानें करण्यांत आला. शहरांत व बाजारांत चहा फुकट पाजण्यांत आला. त्याच सुमारास आसामांत पान चिरडून, फाडून व वळवून त्याचे दाणे करणारें यंत्र निघालें. ह्या दाणेदार चहाच्या थोड्याशा भुकटींत पुष्कळ पेले होतात, म्हणून तो पुढें गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचला.

परंतु पान, मूळ, साल किंवा बी पाण्यांत उकळून तें पाणी पिण्याची चाल त्याहून फार जुनी आहे. आमच्या आज्या त्याला काढा म्हणत. गवती चहाला आपण चहा म्हणतों खरें, पण तो चहाच्या झाडाचा कोणी लागत नाहीं. तें एक सुवासिक गवत आहे. खऱ्या चहांत झोंप उडविणारें द्रव्य असतें. गवती चहा, तुळस, धणे व आलें ह्यांत तें नसतें. सबब हे पेले रात्रीं घेतले तरी चालतात, व मुलांस थोडथोडे देतां येतात.

२. आपल्या दाराशीं काय आहे

दूरच्या दुकानांत जाण्याची गरज नाहीं. पुढील वस्तु बहुतेक घरीं किंवा आठवड्याच्या बाजारांत मिळतात.

गवती चहा. ह्याचें एक ठोंब आणून फोडून लावलें तर वर्षभरांत त्याची रांग होते. लिंबाच्या सालींत जें वासाचें तेल असतें त्याच जातीचें तेल ह्याच्या पातींत असतें. म्हणूनच त्याला लिंबासारखा वास येतो.

तुळस. हिच्या पानांत लवंगेच्या वासाचें द्रव्य आहे. चार-सहा पानें एका पेल्यास पुरतात. अधिक घातल्यास पेला कडवट होतो.

आलें व सुंठ. दोन्ही एकच कंद. एक ओला व एक वाळलेला. वाळतांना आल्यांतील तिखट द्रव्याचें रूप पालटतें व तें अधिक तिखट होतें. म्हणून ओल्या आल्याचें जें प्रमाण, तेंच सुंठीचें ठेवूं नये; तें पुष्कळ कमी करावें.

धणे, जिरें, बडीशेप व ओवा. हीं चुलीजवळच्या डब्यांत असतातच. पहिलीं तीन सौम्य आहेत. ओवा उग्र आहे व चिमूटभर पुरे.

पुदिना. ओलसर जागेंत लावल्यास आपोआप पसरतो. दिवसाच्या उष्म्यांत ह्याच्याइतकें गार वाटणारें दुसरें पान नाहीं.

लाल अंबाडी. आपल्याकडे अंबाडीची भाजी सर्वांस ठाऊक आहे. तिच्या लाल जातीला शरदांत दिवस लहान होऊं लागले म्हणजे फुलें येतात. फूल गळल्यावर बोंडाभोंवतीं ज्या जाड, आंबट, लाल पाकळ्या राहतात त्या सोलून वाळवितात. ह्यांचें सरबत विदर्भांत करतात. त्यांचाच गरम पेलाही उत्तम होतो, व त्याचा रंग माणकासारखा असतो.

३. तीन रीती

जुन्या वैद्यांनीं पाण्यांत औषधीचा गुण उतरविण्याच्या निरनिराळ्या रीती सांगितल्या आहेत. त्यांतील तीन आपण शिकाव्या.

पहिली काढ्याची. साल, मूळ, कंद व बी हे कठीण भाग होत. त्यांचा गुण सहज सुटत नाहीं. ते कुटून पाण्यांत घालावे व मंद आंचेवर दहा मिनिटें उकळावे.

दुसरी फांटाची. पान व फूल हीं कोंवळीं असतात. त्यांचा सुगंध म्हणजे उडून जाणारें तेल होय. तीं बराच वेळ उघडीं उकळलीं तर घरभर वास सुटतो, पण पेल्यांत कांहीं उरत नाहीं. म्हणून पाण्याला उकळी येतांच पातेलें खालीं उतरावें, त्यांत पानें टाकावीं व झांकण ठेवून पांच ते सात मिनिटें थांबावें. झांकणाच्या आंतल्या बाजूस जे थेंब जमतात ते पातेल्यांतच पडूं द्यावे. सुगंध त्यांत असतो.

तिसरी हिमाची. धणे, बडीशेप किंवा जिरें रात्रीं उकळून निववलेल्या पाण्यांत भिजत घालावें व सकाळीं गाळून प्यावें. आश्विनाच्या उन्हांत शेतावर जाणाऱ्यांस ही रीत सोयीची आहे.

ह्यावरून मिश्रणाचा पहिला नियम निघतो: ज्यांस उकळणें पाहिजे तें आधीं घालावें, व ज्यांस फक्त भिजणें पाहिजे तें शेवटीं घालावें. सर्व एकदम टाकून अर्धा तास उकळणें ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक होय.

४. मिश्रण कसें जुळवावें

२०२० सालीं करोनाच्या सांथींत केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें एका काढ्याचें प्रमाण प्रसिद्ध केलें होतें: तुळशीचीं पानें ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग व काळीं मिरीं १ भाग. त्या चूर्णाचे ३ ग्रॅम १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यांत घेऊन दिवसांतून एकदां किंवा दोनदां प्यावें असें त्यांत सांगितलें होतें. ह्या प्रमाणांत एक सामान्य रीत दिसते. सौम्य वस्तु अधिक, सुगंधी वस्तु मध्यम व तिखट वस्तु सर्वांत कमी. हीच रीत धरून पुढील तीन पेले करून पाहावे. प्रत्येकाचें प्रमाण चार माणसांसाठीं, म्हणजे सुमारें ८०० मिलिलिटर पाण्याचें आहे.

दुपारचा पेला. धणे दोन लहान चमचे व बडीशेप एक लहान चमचा कुटून पाण्यांत दहा मिनिटें उकळावी. उतरल्यावर पुदिन्याचीं पंधरा-वीस पानें टाकून झांकावें. निवल्यावर प्यावें.

संध्याकाळचा पेला. बोटाच्या एका पेराइतकें आलें ठेचून पांच मिनिटें उकळावें. नंतर गवती चहाच्या सहा-सात पाती गांठ मारून टाकाव्या, एक उकळी येऊं द्यावी व झांकण ठेवून उतरावें. ज्यांस दूध पाहिजे त्यांनीं तें निराळें तापवून घालावें.

पहाटेचा पेला. लाल अंबाडीच्या वाळलेल्या पाकळ्या एक मूठ घेऊन उकळत्या पाण्यांत टाकाव्या व दहा मिनिटें झांकून ठेवाव्या. दालचिनीचा एक लहान तुकडा आधींच उकळला असल्यास चव चांगली येते. ह्यांत दूध मुळींच घालूं नये; आंबटपणामुळें तें नासतें.

गोडीविषयीं एक शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला दिला कीं मोठ्या माणसानें वरून घातलेली साखर दिवसाला सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, ह्याहून कमी ठेवल्यास अधिक हित आहे. जो दिवसांतून चार वेळां दोन चमचे साखरेचा चहा घेतो तो चहांतच ही मर्यादा ओलांडतो. गूळ घातला म्हणजे दोष गेला असें समजूं नये. ह्या हिशेबांत गूळ व मध साखरेंतच धरावे. पानाफुलांच्या चहाचा खरा लाभ हाच कीं त्याला स्वतःचा वास व चव असल्यामुळें गोडी कमी करतां येते. पहिल्या आठवड्यांत अर्धा चमचा कमी करावा, दुसऱ्यांत आणखी अर्धा. जीभ लवकर शिकते.

५. वाळविणें व ठेवणें

पाऊस सरला कीं वाळवणाचे दिवस येतात. पानें सकाळीं दंव उडाल्यावर तोडावीं, स्वच्छ पाण्यानें धुवावीं व सुपांत किंवा धोतराच्या फडक्यावर पातळ पसरून सावलींत वाळवावीं. कडक उन्हांत रंग व वास दोन्ही जातात. पान हातांत घेतल्यावर कुरकुर मोडलें म्हणजे वाळलें. जें वाकतें पण मोडत नाहीं त्यांत ओल आहे. तें बरणींत भरल्यास बुरशी येईल, आणि बुरशी आलेलें पान पुन्हां वाळवून वापरूं नये. कांचेच्या बरणीवर वस्तूचें नांव व महिना लिहून ठेवावा, आणि पुढील शरद येईपर्यंत तें संपवावें.

येथें एक कडक सूचना आहे. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या धुऱ्यावरची तुळस, गवती चहा किंवा अंबाडी, जेथें फवारणीचा झोत पोंचतो तेथून, कधीं घेऊं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मृत्यु पावले, हें आपण विसरलों नाहीं. जें विष श्वासांतून माणूस मारतें तें पानावरही बसतें, व उकळल्यानें तें जाईलच असा भरंवसा नाहीं. तसेंच औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यांत पानें, धणे किंवा पाणी ठेवूं नये.

६. पाणी व भांडें

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागांत, शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद ह्या बाजूस, पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचें पाणी खारट. अशा पाण्यांत कोणताही चहा नीट उतरत नाहीं, हें तेथील गृहिणींस सांगावयास नको. परंतु एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो: पाणी उकळलें कीं तें सर्व प्रकारें निर्दोष झालें. उकळल्यानें रोगजंतु मरतात, हें खरें. क्षार मात्र जात नाहीं. उलट पाणी आटतें तसा तो अधिक दाट होतो. म्हणून ज्याच्या मूत्रपिंडास विकार आहे त्यास खाऱ्या पाण्याचा आटवलेला काढा देणें हें उपकाराऐवजीं अपकार होय. पेल्यासाठीं नळयोजनेचें किंवा नीट सांठविलेलें पावसाचें पाणी घ्यावें.

पाण्याचा स्वभाव ओळखण्याची एक गंमत मुलांस दाखवावी. अंबाडीच्या लाल पाण्यांत लिंबू पिळलें तर रंग अधिक लाल होतो. खाण्याचा सोडा टाकला तर तो जांभळट, निळसर होऊं लागतो. लोणारचें सरोवर अति क्षारयुक्त म्हणून जगांत प्रसिद्ध आहे; तें पाणी सोड्याच्याच पक्षाचें. ज्या विहिरीच्या पाण्यांत अंबाडीचा रंग मळकट उतरतो तें पाणी कोणत्या बाजूचें, हें मुलें आपण होऊन सांगतील.

भांड्याविषयीं इतकेंच कीं आंबट वस्तु कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यांत उकळूं नये; आंबटपणा धातु खातो व ती पोटांत जाते. स्टीलचें पातेलें किंवा मातीचें भांडें बरें.

७. पेल्याची मर्यादा

आतां धड्याचा मुख्य भाग. पेला आल्हाद देतो, घसा शेकतो, पोटांत पाणी जातें; हें पुष्कळ झालें. परंतु जेव्हां पेल्यास वैद्याचें आसन दिलें जातें तेव्हां घरांत संकट शिरतें.

पावसाळा सरतांना डांस वाढतात, व हिंवताप आणि डेंग्यू ह्यांचे हेच दिवस. ताप आलेल्या मुलाला तीन दिवस तुळशीचा काढा पाजीत बसणें म्हणजे तीन दिवस गमावणें होय. ताप आला कीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्यावें. घरीं परतल्यावर काढा खुशाल द्यावा. तसेंच दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासलीच पाहिजे. क्षयाची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. अडुळशानें खोकला हलका होतो. त्याच्यांतील द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें एक आधुनिक औषध निघालें आहे. पण खोकल्याचा आवाज कमी झाला म्हणजे क्षय गेला असें नव्हे. गर्भवतीस अडुळसा देऊंच नये. त्यानें गर्भाशय आंकुंचन पावतें. एक वर्षाच्या आंतील बालकास मध चाटवूं नये, काढ्यांतूनही देऊं नये. ज्येष्ठमध पुष्कळ दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो.

करोनाच्या सांथींत घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ सालीं मुंबईतील डॉक्टरांनीं सहा रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतास झालेली इजा गुळवेल घेण्याशीं जोडलेली आहे असें त्यांचें मत पडलें. आयुष मंत्रालयानें ह्यास हरकत घेतली व म्हटलें कीं गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून घेतली गेली असावी. ह्या वादांत कोणाचाही पक्ष खरा धरला तरी आपल्यासाठीं धडा एकच निघतो. पहिला पक्ष खरा असल्यास घरची म्हणून वस्तु निरुपद्रवी ठरत नाहीं. दुसरा खरा असल्यास न ओळखतां वेल तोडणें घातक आहे. दोन्ही परी, जें आपण नीट ओळखत नाहीं तें उकळूं नये, आणि जें ओळखतों तेंही महिनोन्‌महिने रोज घेऊं नये.

अंबाडीचेंच पाहा. अमेरिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रक्तदाब थोडा वाढलेल्या ६५ माणसांपैकीं कांहींनीं सहा आठवडे दररोज तीन पेले अंबाडीचा चहा घेतला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनीं उतरला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ह्यावरून कोणी गोळी बंद करील तर तो स्वतःची फसवणूक करील. उलट, जो गोळी घेत आहे त्यानें रोज तीन पेले सुरू करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, कारण दोहोंचा परिणाम एकत्र होऊं शकतो.

भगिनींसाठीं आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आहे, असें २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत दिसून आलें. बाजारचा चहा जेवणाबरोबर घेतला तर अन्नांतील लोह नीट अंगीं लागत नाहीं. भाकर व भाजी खाल्ल्यावर निदान एक तास चहा घेऊं नये, व लोहाची गोळी चहाबरोबर कधींच गिळूं नये.

८. एका पातेल्यांतून

शेवटीं पेल्याच्या आनंदाविषयीं. पेय एकट्यानें प्यावयाचें नसतें. आमच्यांतील वडीलधाऱ्यांस ते दिवस आठवतात, जेव्हां गांवच्या हॉटेलांत कांहीं लोकांसाठीं कपबशी निराळी ठेवलेली असे, आणि ती त्यांनींच धुवून ठेवावयाची असे. १९५० सालीं देशाच्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली, व १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें हा अपराध ठरला. तरी कायदा पातेलें चुलीवर ठेवीत नाहीं. तें आपणच ठेवावें लागतें. ज्या घरीं एकाच पातेल्यांतून, एकाच तऱ्हेच्या पेल्यांत, शेजारी, सालदार व पाहुणा ह्यांस चहा मिळतो, त्या घरानें कायद्याचें काम पुरें केलें.

गवती चहाचें ठोंब महाग नाहीं, व तें फोडून शेजाऱ्यास देतां येतें. ह्या शरदांत ज्याच्या दारीं तें आहे त्यानें एका तरी घरीं तें लावून द्यावें. आणि देतांना ह्या धड्यांतील सातवा भागही सांगावा, म्हणजे तापानें फणफणलेल्या लेंकराला आधीं दवाखान्यांत नेलें जाईल, व पेला त्याची वाट पाहत चुलीवर राहील.

अभ्यासाचे प्रश्न

१. कोणते भाग उकळावे व कोणते फक्त झांकून ठेवावे? कारण सांगा.
२. ओल्या आल्याऐवजीं सुंठ घेतांना प्रमाण कां बदलावें?
३. खारें पाणी उकळल्यानें काय जातें व काय राहतें?
४. अंबाडीच्या पेल्यांत दूध कां घालूं नये, व तो कोणत्या भांड्यांत करूं नये?
५. आपल्या गांवीं ताप व खोकला आल्यास लोक किती दिवस घरींच काढा घेत बसतात? ह्या आठवड्यांत चार घरीं विचारून पाहा, व जवळचें आरोग्य केंद्र कोठें आहे हें प्रत्येक घरीं सांगा.